जुनी क्लॅरिनेट पुन्हा वाजती करायची तर

बंद पडलेल्या बँडचं सामान निघतं तेव्हा ढोल, ताशे, ट्रम्पेट लगेच उचलले जातात. क्लॅरिनेट मागे राहते. पितळेला निदान वजनावर भाव मिळतो, या काळ्या नळीला आणि तिच्यावरच्या काळवंडलेल्या चाव्यांना कोणी हात लावत नाही. माझ्याकडे आलेली पहिली क्लॅरिनेट अशीच, कित्येक वर्षं माळ्यावर पडलेली. पेटी उघडली तर आत कसरीने खाल्लेलं मखमल, चाव्यांखालचे निम्मे पॅड (भोकं मिटवणाऱ्या मऊ गाद्या) गायब, आणि एका चिरेवर कोणीतरी एपॉक्सीची पुटी चोपडलेली. फुंकली की नुसतं फुस्स.

वाद्याचा सगळा आजार त्या फुस्समध्येच होता. जुनी क्लॅरिनेट बहुधा मेलेली नसते, गळकी असते. एका पॅडखालून केसभर हवा सुटली तरी तिथून खालचे सगळे सूर जातात किंवा किंचाळतात. म्हणून पहिल्याच दिवशी पॉलिश घेऊन चाव्या घासायला बसू नका. चमक शेवटी येईल, आणि नाही आली तरी बिघडत नाही. आपल्याला हवा अडवायची आहे.

खर्च करण्याआधी

टेप घ्या आणि लांबी मोजा. आपल्याकडे बहुतेक क्लॅरिनेट बी-फ्लॅटच्या, म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या भाषेत काळी पाचच्या. माउथपीसच्या टोकापासून भोंग्याच्या काठापर्यंत ती साधारण 66-67 सेंटिमीटर भरते. 71च्या आसपास भरली तर ती ए, म्हणजे पांढरी सहा. 49च्या आसपास असेल तर ती छोटी ई-फ्लॅट, काळी दोन.

लांबी 66च्या ऐवजी 64-65 भरली तर मात्र सावध व्हा. ब्रिटिश लष्करी बँड 1920च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या सुरात वाजत. त्यांचा 'ए' सुमारे 452 कंपनांचा होता, आजचा 440चा आहे. पलटणींच्या बँडमधली वाद्यं पुढे गावोगावच्या बँडांत फिरली, त्यांत अशा क्लॅरिनेट सापडतात. काहींवर एचपी (हाय पिच) अशी अक्षरं कोरलेली असतात, काहींवर काहीच नसतं. फरक अर्ध्या श्रुतीइतका वाटला तरी तो जवळजवळ अर्धा अर्धस्वर आहे. बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) बाहेर ओढून तो भरून निघत नाही, कारण बॅरल ओढली की वरचे सूर जास्त उतरतात आणि खालचे कमी. असं वाद्य एकट्याने वाजवायला उत्तम, हार्मोनियमबरोबर बसायचं असेल तर त्यावर महिनाभर घालवू नका. ते कापून किंवा भोकं बुजवून 'सुधारण्याच्या' फंदातही पडू नका.

नुसत्या लांबीवर भरवसा नसेल तर आणखी एक युक्ती आहे. वरच्या तुकड्यावरच्या ज्या चाव्या एरवी मिटलेल्या असतात, त्यांच्यावर रबरबँड चढवून त्या घट्ट दाबून धरा. माउथपीसला नवी पत्ती (रीड) लावा आणि सगळी भोकं उघडी ठेवून फुंका. बी-फ्लॅट क्लॅरिनेटमधून पांढरी चार यायला हवी. मोबाइलवरचा ट्यूनर काय दाखवतो ते बघा.

नळीवर बूझी अँड हॉक्स अशी जोडनावं असतील तर वाद्य 1930च्या पुढचं, कारण त्या दोन कंपन्या त्या वर्षी एकत्र आल्या. भारतीय बनावटीची असेल तर बहुधा मेरठची. तिथली जली कोठी म्हणजे बँडच्या वाद्यांची पेठच.

आता चाव्यांची रचना. मागच्या बाजूला अंगठ्याच्या भोकाभोवती धातूची रिंग असेल तर ती बोहम पद्धतीची. वादक क्लोझे आणि वाद्यकार ब्युफे यांनी फ्रान्समध्ये बसवलेली ही रचना 1839पासूनची. सहा रिंगा आणि सतरा चाव्यांचं हे गणित आजही तेच आहे. अंगठ्याचं भोक उघडं असेल आणि रिंगा खालच्या तुकड्यावरच असतील, तर ती बहुधा अल्बर्ट पद्धतीची. शिकवणारे बहुतेक बोहम शिकवतात, म्हणून अल्बर्टची किंमत पडते. पण उघड्या भोकांवरून बोट सरकवत मींड काढायला मला अल्बर्टच आवडते. दुरुस्तीलाही ती सोपी, चाव्या कमी.

मग कशाची आहे ते पाहा. भोंग्याच्या आत टॉर्च मारा. बारीक रेषा दिसल्या तर लाकूड, आणि ते बहुतेक आफ्रिकन ब्लॅकवुड असतं, आपल्या शिसवाच्या भावकीतलं. रेषा नसतील आणि उन्हात राहिलेली बाजू हिरवट-तपकिरी झाली असेल तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. खात्री हवी असेल तर अंगठ्याने जोरात घासून वास घ्या. गंधकाचा वास आला की एबोनाइट. हे आत्ताच ठरवून घ्या, पुढे पाणी आणि उष्णता वापरताना या दोघांचं वागणं वेगळं आहे.

चिरा बहुतेक वरच्या तुकड्यात, वरच्या टोकाकडे असतात. श्वासाची ओल तिथेच सगळ्यात जास्त साठते. चीर एखाद्या भोकातून आरपार गेली असेल किंवा नखाने दाबल्यावर उघडमीट करत असेल, तर ती कारागिराकडे न्या. तिथे पिन घालावी लागते किंवा पट्टा चढवावा लागतो. केसासारखी चीर घरी बुजवता येते.

काय काय लागेल

घड्याळजी वापरतात तसा बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, व्हर्नियर कॅलिपर, चिमटा, स्पिरिटचा दिवा, कानकाड्या, शिलाई मशीनचं तेल, गोडं बदाम तेल, सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा कॉर्कचा ताव, चांभाराचं पिवळं सोल्यूशन आणि सिगारेटचे कागद. स्प्रिंगा ओढायला खास हूक मिळतो, पण मी आजीची सगळ्यात बारीक क्रोशाची सुई वापरतो आणि मला त्याहून बरं काही सापडलेलं नाही. पॅड चिकटवायला चपडा लाख. ती रंगाच्या दुकानात मिळते. मी मिरजेला सतारवाल्यांकडून मूठभर आणली होती, ते पॉलिशला वापरतात तीच.

सुटी करणं

प्रत्येक चावी काढण्याआधी फोटो काढा. थर्मोकोलच्या ताटावर क्लॅरिनेटचं ओबडधोबड चित्र काढा आणि जी चावी जिथून निघाली तिथेच चित्रावर टोचून ठेवा. स्क्रू मोकळे ठेवू नका. चावी निघाली की तिचा स्क्रू पुन्हा त्याच खांबात (नळीवरच्या, चावी धरणाऱ्या छोट्या धातूच्या खुंटीत) फिरवून ठेवा. दिसायला सारखे असले तरी ते सारखे नसतात, एकाचे आटे दुसऱ्यात घातले की खांबच खराब होतो. आधी क्रोशाच्या सुईने स्प्रिंग तिच्या खाचेतून सोडवा, मग चावी उचला. उलटं केलं तर स्प्रिंग तुटते.

अडकलेला स्क्रू हा या कामातला सगळ्यात मोठा शत्रू. जोर लावला की खाच फाटते, आणि एकदा फाटली की ड्रिल मारण्याशिवाय मार्ग राहत नाही. मी असं करतो: गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावर घेऊन खांब आणि चावीची सळई यांच्या फटीत सोडतो आणि वाद्य रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी खाचेत अगदी चपखल बसणारं पातं निवडतो. पातं जाड असेल तर कानशीने घासून बसवतो, हे दोन मिनिटांचं काम टाळू नका. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर सात-आठ सेकंद धरतो, बस्स. त्याहून जास्त धरलं तर उष्णता खांबातून खाली उतरते. मग स्क्रू आधी किंचित *आवळतो*, आणि नंतर सैल करतो. आवळताना गंजाची पापडी तुटते, 'टिक' असा बारीक आवाज येतो. तो ऐकला की जिंकलात. नाही आला तर पुन्हा तेल आणि आणखी एक रात्र. एका सळईने मला आठवडाभर ताटकळत ठेवलं होतं.

साफसफाई, चिरा, तेल

क्रम असाच ठेवा. तेल लावल्यावर चिरेत डिंक धरत नाही.

लाकडी नळी पाण्यात घालायची नाही. सुती कपड्याला दोरा बांधून आतून चार-पाचदा ओढा, भोकांतला मळ कानकाडीने आणि लाकडी दातकोरणीने काढा. धातूचं टोक आत घालू नका, कारण भोकाच्या कडेला टवका उडाला की त्यावर कोणताच पॅड बसत नाही.

एबोनाइटला पाणी चालतं, पण थंड किंवा कोमट. हे मी महागात शिकलो. एक एबोनाइटचा माउथपीस कढत साबणाच्या पाण्यात टाकून चहा प्यायला गेलो. परत येईपर्यंत तो चिखलाच्या रंगाचा झाला होता आणि स्वयंपाकघरात गंधकाचा दर्प पसरला होता. रंग एक वेळ सोसला असता, पण त्याचा पत्ती बसायचा सपाट भागही वाकला. ज्या पृष्ठभागावर सगळा आवाज अवलंबून, तोच गेला. माउथपीसवर पांढरे क्षार साठलेले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेली कानकाडी फक्त तेवढ्याच जागेवर फिरवा आणि लगेच धुऊन टाका.

चाव्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. जुने पॅड काढून टाकल्यावर त्या साबणाच्या कोमट पाण्यात टूथब्रशने घासा आणि स्प्रिंगांची पोलादी टोकं गंजू नयेत म्हणून लगेच पुसून पंख्याखाली ठेवा. चिंच, लिंबू नको.

केसासारख्या चिरेत पाण्यासारखं पातळ सुपरग्लू सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. वरून शिसवाचा बारीक भुसा दाबा, सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने सपाट करा. माझ्या क्लॅरिनेटवरची ती एपॉक्सी खरवडून काढली तेव्हा खालची चीर नखाएवढीच निघाली. उगाच डोंगर केला होता.

मग बदाम तेल, आणि तेही फक्त लाकडाला. कपड्यावर चार थेंब घ्या, आतून पातळ हात फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी उरलेलं पुसा. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं लाकूड असेल तर आठवड्याने पुन्हा. जवसाचं तेल वापरू नका, ते वाळून चिकट थर होतो. खोबरेल थंडीत गोठतं आणि पुढे खवट होतं. हे काम पॅड बसवण्याआधी उरकायचं, कारण पॅडला तेल लागलं की तो गेला.

सांध्यांचा कॉर्क

माउथपीस, वरच्या तुकड्याची दोन्ही टोकं आणि खालच्या तुकड्याचं खालचं टोक, असे चार कॉर्क. जुना ब्लेडने खरवडा, खालचं सोल्यूशन पूर्ण काढा. नवी पट्टी खोबणीच्या रुंदीची कापा, तिचं एक टोक तिरकं तासून निमुळतं करा म्हणजे दुसरं टोक त्यावर चढतं. दोन्हीकडे सोल्यूशन लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग गुंडाळा. पहिल्यांदा ते जाडच होणार. पॉलिश पेपरची पट्टी गोल फिरवत थोडं थोडं कमी करा आणि दर चार फेऱ्यांनी बसवून बघा. घाई केली की सैल होतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

कॉर्क नाही मिळाला तर मेण लावलेला सुती दोरा गुंडाळा. बँडवाले हेच करतात म्हणून कोणी नाक मुरडू नये, कॉर्क येण्याआधी सगळीकडे दोराच असायचा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सांधे जाम होतात. अशा वेळी दोऱ्याचे दोन वेढे काढून टाकता येतात, ही सोय कॉर्कला नाही.

पॅड

खरं काम इथे आहे, इथेच वेळ घाला.

चावीच्या वाटीचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. वरच्या तुकड्यावर बरेच पॅड 9-10 मिलिमीटरचे असतात, खालच्या मोठ्या वाट्या 16-17च्या. बोहमसाठी तयार संच मिळतात. अल्बर्टला मात्र प्रत्येक वाटी मोजूनच मागवा. जुन्या वाद्यांच्या वाट्या कधी उथळ असतात, तिथे जाड पॅड घातला की चावी मागच्या बाजूने आधी टेकते आणि पुढून उघडी राहते. पातळ पॅड शोधा.

वाटीतली जुनी लाख दिव्यावर गरम करून काढा. चावी वाद्यावरून उतरवलेलीच असली पाहिजे, आणि ज्योत स्प्रिंगेपासून लांब. स्प्रिंग तापली की तिचा कडकपणा जातो आणि ती मऊ पडते. वाटीत चपड्याचे दोन-तीन तुकडे टाका, खालून तापवा, वितळून बुडबुडे येण्याआधी पॅड सरळ ठेवा. थंड होऊ द्या, चावी जागेवर बसवा.

आता पॅड टेकला आहे की नाही ते बघायचं. सिगारेटच्या कागदाची दोन मिलिमीटर रुंद पट्टी कापा. पॅडच्या कडेखाली सरकवा, चावी अगदी हलकेच मिटा आणि पट्टी ओढा. हेच घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ या चार ठिकाणी करा. चारही ठिकाणी ओढ सारखी जाणवली पाहिजे. समजा बाराला पट्टी घट्ट धरली गेली आणि सहाला सुळकन निघून आली, तर पॅड मागे कलला आहे. चावी काढून वाटी किंचित गरम करा, लाख मऊ होताच पॅडची सहाकडची सैल बाजू चपट्या पात्याने वाटीतून जराशी बाहेर उचला, पुन्हा बसवा, पुन्हा पट्टी. एका मोठ्या पॅडला मला सहा-सात फेऱ्या लागल्या आहेत. वाटी वाकवून पॅड टेकवणारे कारागीर आहेत, आणि काही वेळा तेही बरोबर असतं. पण नवशिक्याने आधी लाखेनेच प्रयत्न करावा.

सगळे पॅड झाले की वरचा तुकडा हातात घ्या, बोटांनी भोकं मिटा, खालचं टोक तळव्याने बंद करा आणि वरून हवा ओढा. तुकडा ओठाला चिकटून तीन-चार सेकंद राहिला आणि सोडताना 'टप' आवाज आला, तर काम झालं. तेच खालच्या तुकड्याला. लगेच सुटला तर कुठेतरी फट आहे. अंधार करून आत छोटा एलईडी सोडा. चाव्या मिटलेल्या असताना जिथून उजेड दिसेल तोच पॅड गुन्हेगार.

स्प्रिंगा आणि चाव्यांची जुळणी

तुटलेली सुईसारखी स्प्रिंग जिकडून ठोकली होती तिकडेच मागे ढकलून काढायची. तिचं जाड टोक चपटं केलेलं असतं, त्यावरच ती खांबात अडकते. बदली मिळाली नाही तर त्याच जाडीची शिवणाची सुई चालते. ती इतकी कडक असते की वाकवताच मोडेल, म्हणून ज्योतीवर धरा, रंग पिवळ्यावरून निळ्यावर येताच काढा. मग हवी तेवढी लांब तोडून मागचं टोक हातोडीने चपटं करा. सळयांना शिलाई मशीनच्या तेलाचा प्रत्येकी एक थेंब पुरतो.

बोहममध्ये दोन जागी फसगत होते. एक, वरच्या आणि खालच्या तुकड्यांमधली पुलासारखी चावी. खालच्या रिंगा दाबल्या की वरचा पॅड त्याच क्षणी मिटला पाहिजे. एक आधी आणि एक नंतर होत असेल तर पुलाखालच्या कॉर्कची जाडी कमी-जास्त करा. दुसरी जागा वरच्या बाजूला: डाव्या तर्जनीच्या ए चावीवरचा बारीक स्क्रू. तो शेजारच्या चावीला टेकून राहिला तर तिचा पॅड कायम केसभर उघडा राहतो, आणि तुम्ही तीन दिवस दुसरीकडेच फट शोधत बसता. तिथे कागद जाईल एवढी मोकळीक ठेवा.

फुंकून बघणं

नवी पत्ती घ्या, नंबर दोन किंवा अडीच. मधला सूर आधी, सगळी भोकं उघडी, पांढरी चार. मग वरून एकेक बोट ठेवत खाली उतरा. अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं मिटली की काळी पाच. ज्या बोटापाशी सूर फाटतो, फट त्याच भोकापाशी किंवा त्याच्या वर असते, खाली कधीच नाही. या एका नियमाने निम्मी शोधाशोध वाचते.

खालचे सूर नीट आल्यावरच अंगठ्याजवळची रजिस्टर चावी दाबा. बासरीत जोर वाढवला की वरचा सा येतो. क्लॅरिनेट एका टोकाला बंद नळीसारखी वागते, त्यामुळे इथे त्याच बोटांवर सा सोडून थेट वरच्या सप्तकातला पंचम निघतो. तो न येता सूर किंचाळला तर आधी रजिस्टर चावीचा छोटा पॅड तपासा, मग तिच्या नळीत मळ अडकलाय का ते बघा.

लाकडी असेल तर पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका. वर्षानुवर्षं कोरडं राहिलेलं लाकूड एकदम ओलं झालं की बुजवलेल्या चिरेशेजारीच नवी चीर जाते. वाजवून झाल्यावर आतून पुसा, सांधे सुटे करा, पेटी कपाटाच्या वर पत्र्याखाली ठेवू नका.

आणि चौथ्या-पाचव्या दिवशी खालचे सूर अचानक बसले तर घाबरू नका. नवे पॅड ओल घेऊन थोडे फुगतात आणि दबतात. माझ्या त्या पहिल्या क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा मोठा पॅड बाराव्या दिवशी नऊ वाजण्याच्या बाजूला सुटला होता. दिवा पेटवला, लाख मऊ केली, पट्टी ओढून पाहिली, आणि रात्री नऊला शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.